पालावरचे सूर आणि पडद्यावरचा वाद्यमेळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संगीतावर बोलावे, असे निमंत्रण घेऊन मंडळाचे चिटणीस आमच्या घरी आले, तेव्हा आम्हांस प्रथम त्यांच्याच काळजीने ग्रासले. आम्ही बी. ए. झालो, पण संगीत घेऊन नव्हे. आणि पुढली सारी हयात केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीत गेली. दुसऱ्यांच्या जमाखर्चावर लाल पेन्सिलीने खुणा करणे हा आमचा व्यवसाय. सुरांशी आमचा संबंध, लहानपणी रेडिओपुढे मांडी घालून बसलो, तेवढाच. परंतु चिटणीस म्हणाले, "जाणकारांची भाषणे झाली. आता एक ऐकणाऱ्याचे होऊ द्या." ऐकणारा ही पदवी मात्र आम्हांस नाकारता येईना. तेव्हा जे काही सांगू ते एका ऐकणाऱ्याचे निवेदन आहे, हे ध्यानी ठेवून आपण ते ऐकावे.

आमचा विषय आहे भटक्यांचे लोकसंगीत आणि चित्रपटातील मोठा वाद्यवृंद. भटके म्हणताना आमच्या डोळ्यांपुढे प्रथम युरोपातील रोमा लोक आहेत. त्यांना इंग्रजीत जिप्सी म्हणत आले. हे लोक इजिप्तमधून आले असावेत अशा चुकीच्या समजुतीतून ते नाव पडले. स्वतःला ते 'रोम' म्हणवतात. रोमांपासून निघून आम्ही मराठी मुलखातून फिरत शेवटी रायपूरच्या आपल्या अंगणात येणार आहोत. वाट थोडी लांबची आहे. पण बदल्यांच्या नोकरीत गावोगाव बिऱ्हाड हलवण्यात आयुष्य गेलेला माणूस हाही एक प्रकारचा सरकारी भटक्याच. त्याला लांबच्या वाटेचे भय नसते.

प्रारंभ विदर्भातील एका लहान गावातून करतो. आमच्या बालपणी गावच्या बाजारात डोंबाऱ्याचा खेळ येई. कैचीसारखे रोवलेले बांबू, त्यांमधून ताणलेला दोर, दोरावर हाती काठी घेतलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी, आणि खाली ढोल घेतलेला तिचा बाप. पोरवयात आम्ही फक्त त्या मुलीकडे पाहत असू. पुष्कळ वर्षांनी आम्हांस उमगले की, आम्ही कुठे पाहायचे, केव्हा श्वास रोखायचा आणि केव्हा टाळी वाजवायची, हे सारे तो ढोल ठरवीत होता. मुलगी चढू लागली की ठेका संथ चाले. मध्यावर आली की लय चढे. आणि ती एका पायावर उभी राहिली की ढोल एकदम थांबे. त्या शांततेत सबंध बाजार स्तब्ध होई. नंतर एक थाप पडे, आणि आमच्या खिशांतले पैसे बाहेर येत. चित्रपटातील पार्श्वसंगीताचा पहिला धडा आम्ही असा बाजारात गिरवला. ज्याने तो शिकवला त्याचे नाव मात्र आम्ही कधी विचारले नाही. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा. शेवटी आम्ही त्याकडे परत येणार आहोत.

आता एक मौजेची गोष्ट. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की, 'रोम' हा शब्द आणि आपल्याकडील 'डोम', 'डोंब' हे शब्द एकाच मुळाचे असावेत. आपला 'डोंबारी' त्याच घराण्यातला. रोमानी भाषेची नाळ भारताशी जुळलेली आहे, हे जर्मनीतील र्‍युडिगर या पंडिताने १७८२ सालीच दाखवून दिले होते. रोमा माणूस मोजताना येख, दुय, त्रिन असे म्हणतो. दहाला देश आणि विसाला बिश म्हणतो. पाण्याला पानी, कानाला कन, नाकाला नख आणि काळ्याला कालो म्हणतो. सात, आठ आणि नऊ यांचे शब्द मात्र ग्रीक. प्रवासात कोठे मुक्काम पडला होता त्याची ती जणू नोंदच होय. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून हे लोक निघाले असावेत, असा निष्कर्ष काढला. आमच्याच केंद्र सरकारच्या परराष्ट्र खात्यात नोकरी केलेले वीर राजेंद्र ऋषी या भाषापंडितांनी आयुष्याचा मोठा भाग या लोकांच्या अभ्यासात घालवला. १९७६ साली चंदीगड येथे रोमा महोत्सव भरला, तेव्हा युगोस्लाव्हियातील मॅसिडोनियाची विख्यात रोमा गायिका एस्मा रेजेपोवा तेथे गायिली होती. सरकारी नोकर फायलींपलीकडेही पाहू शकतो याचा हा पुरावा आम्हांस फार धीर देतो.

या लोकांना युरोपने कसे वागवले, तेही थोडक्यात सांगावयास हवे; कारण त्यावाचून त्यांच्या गाण्यातील आर्तता समजत नाही. रुमानियाच्या प्रदेशात ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गुलाम होते. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी लाखो रोमांचा संहार केला. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झच्या छावणीतील त्यांचा सबंध विभाग नष्ट करण्यात आला. आपणही स्वतःस फार निर्दोष समजण्याचे कारण नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी आपल्याकडील अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु समाजाच्या मनातील शिक्का सरकारी राजपत्राने पुसला जात नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ज्यांनी वाचले, त्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

गंमत अशी की, ज्याला गावात राहू द्यायचे नाही, त्याचे गाणे मात्र दिवाणखान्यात हवे असते. हंगेरीत लग्न असो, सैन्यभरती असो वा उमरावाची मेजवानी असो, वाजवायला रोमा वादकच लागत. व्हायोलिन आणि आपल्या संतूरच्या कुळातले सिंबालोम ही त्यांची प्रमुख वाद्ये. त्यांच्या वादनाने फ्रान्झ लिस्ट हा थोर संगीतकार इतका भारावला की, त्याने 'हंगेरियन ऱ्हॅप्सडी' रचल्या, आणि १८५९ साली एक ग्रंथ लिहून हंगेरीचे संगीत हे मुळात रोमांचेच आहे असा सिद्धान्त मांडला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी बार्टोक आणि कोदाय हे दोघे संगीतकार फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडले आणि त्यांना आढळले की, हंगेरियन शेतकऱ्याचे गाणे निराळेच आहे. शहरातील रोमा वाजवतात ते बव्हंशी हंगेरियन रचनाकारांची नागर गाणी; आणि रोमा स्वतःच्या वस्तीत गातात ते याहून तिसरेच. हंगेरीतील काही रोमा गटांत तर घरच्या गाण्याला वाद्यच नसते. तोंडाने काढलेले खर्जाचे बोल, टाळ्या, चमचे आणि पाण्याची पत्र्याची बरणी, एवढ्यावर त्यांची मैफल रंगते. म्हणजे जे व्हायोलिन ऐकून आपण डोळे मिटून 'वा! काय जिप्सी संगीत!' म्हणतो, ते त्या वादकाने गिऱ्हाइकासाठी राखलेले असते. आपल्या लेकरांसाठी तो गातो ते दुसरेच. डोंबाऱ्याचा बाजारातला ढोल वेगळा आणि रात्री पालात बायकोने म्हटलेली ओवी वेगळी, तसेच हे.

चित्रपटांनी या संगीताचे काय केले ते आता पाहू. युगोस्लाव्हियातील अलेक्सांदर पेत्रोविच यांच्या १९६७ च्या चित्रपटाने रोमांचे जीवन प्रथमच फारसे न सजवता दाखवले आणि त्यांचेच एक गाणे जगभर पोहोचवले. त्याच चालीवरील गीत १९७१ साली लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेने आपले राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले. १९७६ मध्ये सोव्हिएत संघात एमिल लोतेआनू यांनी गॉर्कीच्या कथेवरून रोमा टोळीची प्रेमकथा पडद्यावर आणली. सहा कोटींहून अधिक तिकिटे तिची खपली. तिचे संगीत मोल्दोव्हाचे येवगेनी दोगा यांचे. दोगांची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. टोळीतील लोक गातात तेव्हा ते त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्याच गळ्याने गातात. आणि घोडे धावू लागले, क्षितिज उघडले, की मागून सबंध वाद्यवृंद उठतो. गाणे पालातले आणि आभाळ वाद्यवृंदाचे, अशी वाटणी त्यांनी केली.

१९८८ साली एमिर कुस्तुरिका यांच्या चित्रपटासाठी गोरान ब्रेगोविच यांनी रोमांच्या वसंतोत्सवातील एक पारंपरिक गीत घेतले आणि त्याला मोठ्या समूहगायनाची जोड दिली. नदीवरील त्या दृश्याचे वर्णन करण्याचा यत्न आम्ही करणार नाही. इतकेच सांगतो की, ते गाणे मूळ परंपरेतले असूनही जग ते आज बहुधा संगीतकाराच्याच नावाने ओळखते. १९९३ साली स्वतः रोमा वंशाचे असलेले तोनी गातलिफ यांनी 'लाचो द्रोम' हा संवादांशिवायचा म्हणावा असा चित्रपट केला. तो राजस्थानच्या वाळूत सुरू होतो आणि इजिप्त, तुर्कस्तान, रुमानिया, हंगेरी अशी मजल मारीत स्पेनमध्ये संपतो. त्यात वरून लावलेला वाद्यवृंद नाही. वादकच पात्रे आहेत. आणि २०११ मध्ये शेरलॉक होम्सच्या दुसऱ्या चित्रपटासाठी हान्स झिमर हे संगीतकार स्लोव्हाकियातील रोमा वस्त्यांत गेले, तेथील व्हायोलिन आणि अकॉर्डियन वाजवणाऱ्यांना ध्वनिमुद्रणात सामील करून घेतले, आणि ध्वनिमुद्रिकेच्या उत्पन्नातील काही वाटा त्या वस्त्यांच्या गरजांसाठी देण्याचे जाहीर केले. हिशेबतपासनीस म्हणून आम्हांस ही शेवटची गोष्ट विशेष वाटते; घेतल्याची पावती दिली गेली.

या संगीतात आपल्या कानांना ओळखीचे असे काय लागते? दोन गोष्टी सांगतो. पहिली स्वरांची. हंगेरियन रोमांशी जोडल्या जाणाऱ्या एका स्वरसप्तकात कोमल गंधारावरून एकदम तीव्र मध्यमावर आणि कोमल धैवतावरून शुद्ध निषादावर उडी आहे. ऋषभ त्यात शुद्ध. कर्नाटक संगीतातील सिंहेंद्रमध्यम ते हेच. दुसऱ्या एका सप्तकात कोमल ऋषभावरून शुद्ध गंधारावर अशीच मोठी उडी पडते. ते स्वर म्हणजे आपल्या भैरवाचे स्वर. पहाटे भैरव ऐकत वाढलेल्या माणसाला बुखारेस्टच्या गल्लीतील व्हायोलिन परके वाटत नाही ते यामुळे. दुसरी गोष्ट लयीची. बाल्कन देशांत सात मात्रांचा ठेका तीन-दोन-दोन असा चालतो. आपल्या रूपकाची विभागणी हीच. संथ आरंभ करून चढत चढत द्रुतात शिरण्याची त्यांची रीतही आपल्या विलंबित-द्रुताची आठवण करून देते.

परंतु येथे लाल पेन्सिल उचलणे आमचे कर्तव्य आहे. या साम्यावरून, रोमांनी आपला भैरव गाठोड्यात बांधून नेला, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. तुर्की, अरबी आणि ग्रीक संगीतातही असे स्वरसमूह आहेत, आणि शतकानुशतके रोमा त्यांच्याच शेजारी राहिले. भाषेचा पुरावा भक्कम आहे, तसा स्वरांचा नाही. भटक्याने वाटेत जे कानी पडले ते घेतले, स्वतःच्या हाताने फिरवले आणि पुढच्या गावाला दिले. त्याची खरी दौलत हा फिरवण्याचा हात होय.

आणि हा हातच वाद्यवृंदाच्या कागदावर उतरत नाही. मोठ्या वाद्यवृंदात प्रत्येकासमोर लिहिलेले स्वर असतात. तीस व्हायोलिने एकाच क्षणी एकाच स्वरावर उतरली पाहिजेत. पालावर पाच जण वाजवतात तेव्हा प्रत्येकजण तीच चाल आपापल्या वळणाने घेतो. एक थोडा पुढे, एक थोडा मागे. आपल्या भजनातही असेच असते. टाळकरी, मृदंगी आणि बुवा यांच्या किंचित ओढाताणीतच भजनाचा जीव असतो. ती ओढाताण काढून टाकली की सूर शुद्ध होतात. पण भजन मावळते. म्हणून चांगला संगीतकार चालीभोवती वाद्यवृंद उभा करतो, चालीवर उभा करीत नाही. मूळ वादकाला मध्ये मोकळे सोडायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे सावली धरायची. दोगांनी हेच केले.

आता आपल्या घरी येऊ. हिंदी चित्रपटसृष्टीला मोठा वाद्यवृंद मिळाला तो मुख्यतः गोव्याच्या वादकांमुळे. पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांत ही मुले लहानपणीच स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकत. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी. ती कागदावर उतरवणे, व्हायोलिने, ट्रम्पेट आणि चेलो यांच्यात तिची वाटणी करणे हे काम या मंडळींचे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील ती भरगच्च व्हायोलिने मांडणारे सेबास्टियन डिसोझा हे त्यांपैकी एक. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली मुंबईत भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारी मैफल उभारली. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. पण चित्रपटाच्या नामावलीत या मंडळींना बहुधा 'सहायक' एवढीच जागा मिळे, पुष्कळदा तीही नाही. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त नायकाच्या तोंडी गोन्साल्विस हे नाव आले. ती प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना वाहिलेली आदरांजली होती. साऱ्या देशाने ते नाव तोंडपाठ केले. परंतु या नावाचा एक खरा माणूस आहे, हे किती जणांना ठाऊक होते?

मराठीत या दृष्टीने तीन चित्रपट आम्हांस महत्त्वाचे वाटतात. १९७७ चा 'जैत रे जैत' हा पहिला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. ठाकर हे भटके नव्हेत, डोंगरातले आदिवासी आहेत. पण त्यांच्या गाण्याचा बाज चित्रपटाच्या अंगभर खेळवता येतो, हे तेथे सिद्ध झाले. दुसरा 'जोगवा'. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवर आधारलेला हा चित्रपट यल्लम्माच्या नावाने परडी घेऊन दारोदार जोगवा मागणाऱ्या जोगत्या-जोगतिणींचा. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना २००८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चौंडकं हे वाद्य आपणांपैकी विदर्भीयांनी कदाचित पाहिले नसेल. लाकडी नळकांड्याला एका बाजूस कातडे, त्यातून ओवलेली तार. ती एका हाताने ताणायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची. ताण बदलला की सूर घसरतो, जणू कोणी बोलता बोलता गहिवरले. व्हायोलिनांचा ताफा कितीही मोठा असला तरी हा गहिवर त्यांना लिहून देता येत नाही. तिसरा २०१६ चा 'सैराट'. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटासाठी त्याच अजय-अतुलनी थेट अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. एकीकडे गावच्या वरातीचा ठेका आणि दुसरीकडे हॉलिवूडची व्हायोलिने. काही जाणकारांना हा थाट अनावश्यक वाटला. आमचे मत निराळे आहे. करमाळ्याकडच्या दोन पोरांच्या प्रेमाला जगातील उत्तमातील उत्तम वाद्यवृंद लागावा, यात आम्हांस एक न्याय दिसतो. आजवर असा साज राजपुत्रांसाठीच राखून ठेवलेला असे.

आणि आता रायपूर. आपल्या या छत्तीसगढात रोमांचे सख्खे भाऊ शोभावेत असे लोक आहेत. त्यांना देवार म्हणतात. गावोगाव हिंडायचे, गाथा गायच्या, त्यांच्या बायकांनी गोंदण काढायचे, आणि गावाबाहेर पाल ठोकायचे. त्यांच्यात रायपुरिया आणि रतनपुरिया अशा दोन शाखा सांगतात. रायपुरियांचे वाद्य सारंगी आणि रतनपुरियांचे ढुंगरू. दसमत कैनेची गाथा त्यांच्याच कंठात टिकली. राजा-राण्यांच्या कथा ज्यांनी जतन केल्या त्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते, हा आपल्या संस्कृतीच्या ताळेबंदातील एक जुना आक्षेप आहे. त्याचे निराकरण अद्याप झालेले नाही.

या लोकांची किंमत प्रथम जाणली ती रंगभूमीने. बघेऱ्याचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ साली 'चंदैनी गोंदा' उभा केला. त्याला खुमान साव यांचे संगीत होते. पुढे देवारांच्याच जीवनावर त्यांनी 'देवार डेरा' सादर केला. १९२३ साली याच रायपुरात जन्मलेले हबीब तन्वीर यांनी आपल्या नया थिएटरात खेड्यातील कलावंत घेतले. देवार समाजातून आलेल्या फिदाबाई त्यांत होत्या. 'चरणदास चोर' या त्यांच्या नाटकावर श्याम बेनेगल यांनी १९७५ साली चित्रपट केला. त्यात आपल्या स्मिता पाटील होत्या, आणि गाणी छत्तीसगढी ढंगाची होती. १९८२ मध्ये एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात ते नाटक गौरवले गेले. पुढे २००९ च्या 'दिल्ली-६' मध्ये ए. आर. रहमान यांच्या संगीतात सासुरवाशिणीचे एक गाणे गाजले आणि साऱ्या देशाच्या लग्नघरांत वाजू लागले. त्याचे मूळ छत्तीसगढी लोकगीतात आहे. रायपूरच्या जोशी भगिनी ते फार आधीपासून गात आल्या होत्या. येथील पुष्कळ ज्येष्ठांनी ते गाणे चित्रपटात ऐकले तेव्हा त्यांना आधी आनंद झाला आणि मागाहून प्रश्न पडला की, आपल्या गावचे नाव यात कोठे आहे?

तो प्रश्न आम्ही दुसऱ्यांना विचारणार होतो. पण तो आम्हांसच विचारला गेला. तीच हकीकत सांगून हे भाषण संपवतो.

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या गणेशोत्सवात छत्तीसगढी लोकसंगीताचा कार्यक्रम ठेवला होता. सांस्कृतिक समितीचे काम आमच्याकडे होते. एक वृद्ध देवार सारंगीवाले, त्यांचे दोन साथीदार आणि बरोबर त्यांची नात, अशी मंडळी आली. म्हाताऱ्याने त्या संध्याकाळी जी सारंगी वाजवली ती ऐकून नाट्यगीतांवर पोसलेले आमचे श्रोतेही चहा विसरले. कार्यक्रम संपला. चिवड्याची पुडी हाती घेऊन नात आमच्यापाशी आली. सहावीत शिकत होती. तिच्या दुसऱ्या हातात आमची कार्यक्रमपत्रिका होती. पत्रिका मराठीत, पण लिपी तर एकच. तिने बोट ठेवून सारी नावे वाचली होती. अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे, प्रसादाच्या यजमानांचे, मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, आणि अर्थात आमचेही. तिने विचारले, "मोर बबा के नाव कोन मेर लिखाय हे, साहेब?"

माझ्या आजोबांचे नाव कुठे लिहिले आहे? पत्रिकेत छापले होते, 'छत्तीसगढी लोकसंगीत : स्थानिक कलाकार'. आम्ही पत्रिका हाती घेतली, उलटीसुलटी केली. मुलगी उत्तराची वाट पाहत उभी होती. आम्ही म्हणालो, "पुढच्या वेळी छापू." तिने मान डोलावली. मोठ्या माणसांच्या 'पुढच्या वेळी'चा अर्थ तिला ठाऊक असावा.

रात्री हिशेब लिहावयास बसलो तेव्हा आम्हांस खरा घाव बसला. मानधनाची पावती आमच्यासमोर होती. तिच्यावर म्हाताऱ्याचे पूर्ण नाव, बापाचे नाव आणि अंगठा. म्हणजे नाव आमच्यापाशी होते! आम्हीच ते विचारून घेतले होते, आमच्याच हस्ताक्षरात लिहिले होते. हिशेबाला नाव लागते म्हणून घेतले. मानाला लागते हे सुचले नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत 'नोंद आढळत नाही' असा शेरा मारीत आलेल्या माणसाला स्वतःच्या वहीत हा आक्षेप सापडला.

पुढच्या वर्षी त्यांना बोलवावयास आम्ही स्वतः गेलो. जेथे त्यांची पाले होती तेथे रस्ता रुंद झाला होता. आसपास विचारले, कोणी भाटापाऱ्याकडे गेले म्हणाले, कोणी बिलासपूरकडे. पाल उठले की मागे चुलीचे तीन दगड राहतात. तेही तेथे नव्हते.

रसिकहो, लिस्टपासून हॉलिवूडपर्यंत आम्ही आपणांस फिरवून आणले ते या तीन दगडांसाठी. लोकांच्या सुरांतून मोठे संगीत घडावे, वाद्यवृंदांनी ते जगभर न्यावे, यात आम्हांस यत्किंचितही वावगे वाटत नाही. सूर कोणाच्या सातबाऱ्यावर चढवता येत नाहीत. भटक्यांनी ते स्वतःही वाटेवरून उचलले आणि वाटेवर ठेवले. पण ज्याच्या हातून आपण घेतले त्याचे नाव लिहावे, त्याला मोल द्यावे, आणि त्याचे पाल उठवताना तरी, आत कोण राहत होते, याची चौकशी करावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. संगीतकार ती पाळोत न पाळोत. आपले मंडळ ती आजपासून पाळू शकते. त्यासाठी सिंफनी लागत नाही. पत्रिकेतील एक ओळ पुरते.

म्हणून मंडळाच्या चिटणिसांना आमची दोन मागण्यांची विनंती आहे. यापुढे मंडळाच्या व्यासपीठावर जो कोणी वाजवील, गाईल किंवा टाळ धरील, त्याचे नाव पत्रिकेत, गायकाच्या नावाइतक्याच अक्षरांत छापावे. आणि पन्नास वर्षांत आपल्याकडे येऊन गेलेल्या कलावंतांची यादी स्मरणिकेत येणार आहे. तीत 'स्थानिक कलाकार' हा शब्द कोठेही येऊ देऊ नये. मंडळाच्या पावत्या आम्ही गेल्या महिन्यात दप्तरातून काढून पाहिल्या. वाळवीने काही खाल्ल्या आहेत; पण ती पावती शाबूत आहे. अंगठ्याची शाई थोडी फिकी झाली आहे. नाव स्पष्ट वाचता येते. ते आम्ही चिटणिसांच्या हाती लिहून दिले आहे.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. कोठे आहे, आम्हांस ठाऊक नाही. पण तिला वाचता येते. ही स्मरणिका फिरत फिरत कधी तिच्या हाती पडली, तर तिने पुन्हा बोट ठेवून नावे वाचावीत, आणि या वेळी तिचे बोट मध्येच थांबावे, एवढीच आमची इच्छा आहे.